समासातला पाऊस

२१ मे २०२५, वाई

काल पुण्यात जयंत नारळीकर गेले. आज दुपारी वाचनालयाची पायरी चढले तर ग्रंथपाल ताईंनी त्यांची सगळी पुस्तकं दारासमोरच्या टेबलावर मांडून ठेवलेली. शेजारी तांब्यात चाफ्याची दोन फुलं. ‘यक्षांची देणगी’ची प्रत पार सैल झाली आहे, मधला फर्मा हातात येतो. शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी भरली, तिच्यावर दुसरी डकवली, तीही भरत आली आहे. मी सगळ्या तारखा वाचून काढल्या. बहुतेक मे महिन्यातल्या आणि दिवाळीच्या सुट्टीतल्या. म्हणजे हे पुस्तक मुलांनी नेलं.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती टोपणनावानं. आपली आद्याक्षरं उलटी फिरवून ते ‘नारायण विनायक जगताप’ झाले, आणि अक्षर कुणी ओळखू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातानं लिहून काढली. केंब्रिज गाजवून आलेला शास्त्रज्ञ नवख्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पहिलं बक्षीस मिळालं हे सगळे सांगतात. मला मात्र निकालाच्या आधीचे दिवस दिसतात. कथा नापास झाली असती तर ती कुणाची हे कधी कळलंच नसतं आणि त्यांची त्याला तयारी होती. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून या नव्या विज्ञानकथेची दखल घेतली. लोककथा आणि वेद कोळून प्यालेल्या बाईंना आकाशातलं भोकही मराठीचंच वाटलं, याचा मला फार आनंद होतो.

मंगलाताई २०२३च्या जुलैत गेल्या. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ उठला. गणिताच्या पाठ्यपुस्तक समितीच्या अध्यक्ष त्या, म्हणून टीका त्यांनी झेलली. तेव्हा मीही विरोधातच होते. पंचेचाळीस, एकोणसाठ, त्र्याहत्तर हे शब्द पाढ्यांच्या तालावर माझ्या अंगात मुरलेले. पण गेल्या आठवड्यात नात आली होती. मंडईत भाजीवाल्या मावशी तिला म्हणाल्या, ‘‘अडतीस झाले बघ, बाळ.’’ तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कुजबुजली, ‘‘आजी, अडतीस म्हणजे थर्टीएट की फॉर्टीएट?’’ मावशींनी तिच्या हातातली नोट घेतली, हिशोब केला, वर कोथिंबिरीची काडी दिली. नात मात्र घरी येईपर्यंत गप्प होती. लाजली होती. ‘तीस आठ’ म्हटलं असतं तर लाजली नसती. मंगलाताई अशा मुलांच्या वतीनं बोलत होत्या आणि आम्ही शब्दांच्या वतीनं भांडत होतो. त्यांना पत्र लिहायचं राहून गेलं.

२६ मे

सकाळपासून धो धो. मेणवलीकडचे डोंगर दिसत नाहीत. संध्याकाळी बातम्यांत सांगितलं, मान्सून आज मुंबईत पोचला. एरवी ११ जूनला येणारा. नोंदी आहेत तेवढ्यांत याआधीची सर्वांत लवकरची तारीख २९ मे होती, १९५६, १९६२ आणि १९७१ सालची. आत्ता कुठे रोहिणी लागलीय. मृगाला अजून बारा-तेरा दिवस आहेत.

१९५६ ऐकल्यावर उठून वाचनालयातून आणलेलं दुर्गाबाईंचं ‘ऋतुचक्र’ उघडलं. पहिली आवृत्ती त्याच वर्षीची. आमच्याकडची प्रत वर्षभरानंतर दाखल झाली, तसा शिक्का आहे. या प्रतीत एक गोष्ट आहे जी मी आजवर कुणाला बोलले नव्हते. ज्येष्ठाच्या लेखाच्या समासात कुणीतरी बारीक शिसपेन्सिलीनं दर वर्षीच्या पहिल्या पावसाच्या तारखा लिहिल्या आहेत. ‘११ जून ५८.’ ‘१४ जून ६०.’ ‘८ जून ६१, रात्री.’ अक्षर एकच, वळण जुनं, मोडीचा हात असलेलं. ७२ समोर लिहिलंय, ‘आला, गेला.’ दुष्काळाचं अख्खं वर्ष त्या दोन शब्दांत. मार्गशीर्षाच्या लेखाशेजारी, ‘११ डिसें. ६७, पहाटे भूकंप. भांडी पडली.’ हा कोयनेचा. मी तेव्हा लहान होते. आईनं गोधडीसकट उचलून अंगणात नेलं होतं, ते गार शेण-सारवण पायाला अजून आठवतं.

शेवटची नोंद ७४ची. नंतर समास कोरा.

वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये हे मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आले आहे आणि आजही सांगेन. पण या माणसानं दर ज्येष्ठात हे पुस्तक पुन्हा घरी नेलं असणार, एक तारीख लिहायला. सतरा वर्षं. दुर्गाबाईंना असा वाचक होता हे त्यांना कळायला हवं होतं.

२७ मे

आज तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींची पुण्यतिथी. १९९४ साली गेले. गंगापुरीतून विश्वकोशाच्या कचेरीकडे जाताना रस्त्याला पाणीच पाणी. थांबून जरा वेळ उभी राहिले. लहान मुलगा प्राज्ञपाठशाळेत शिकायला वाईत येतो, संस्कृताच्या सगळ्या वाटा पायाखाली घालतो आणि पुढे ठरवतो की जगातलं सगळं ज्ञान मराठीत आणायचं. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६चा, विसाव्याचा उत्तरार्ध २०१५चा. ‘अ’पासून आरंभ करणाऱ्यांतले किती जण ‘ज्ञ’पर्यंत होते? खुद्द तर्कतीर्थ नव्हते. तरीही नोंदी लिहिल्या गेल्या, मुद्रितं तपासली गेली, चित्रं जुळवली गेली. दुपारी घाटावर चहाला येणारी ती माणसं मी पाहिली आहेत. एकदा त्यांच्यातल्या दोघांचा ‘मुंगूस’ या नोंदीतल्या एका क्रियापदावरून वाद चालला होता, चहा निवून गेला तरी.

१० जून

मृग लागून दोन दिवस झाले आणि शेतं पाण्यात. दूधवाला भाऊ म्हणाला, ‘‘पाऊस झाला ओ काकू, पर घातच येईना.’’

घात! किती दिवसांनी ऐकला हा शब्द. तो घात म्हणजे नाश, आणि ती घात म्हणजे जमीन पेरणीजोगी होण्याची नेमकी वेळ. ओलही हवी आणि पाय रुतायलाही नको. वापसा म्हणतात तोच. तो आणि ती यात केवढं अंतर. हळदीची लागण खोळंबली, सोयाबीनचं बी घरात पडून. पावसाच्या मिलिमीटरचे आकडे रोज छापून येतात. घात आली की नाही, हे छापून येत नाही. आमच्याकडचा शेतकरी मात्र सकाळी उठून आधी ढेकूळ हातात घेऊन दाबून बघतो. दाते-कर्व्यांनी १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत ‘महाराष्ट्र शब्दकोश’ उभा केला. गावोगावचे शब्द त्यात आले ते असे कुणाकुणाच्या अंगणात, शेताच्या बांधावर ऐकलेले असणार. अशा शब्दांना वापरणारा हात हवा. दूधवाल्या भावाचा मुलगा पुण्यात डिलिव्हरीचं काम करतो.

३० जून

काल दोन्ही शासन निर्णय रद्द झाले. १६ एप्रिलचा, पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा. आणि १७ जूनचा, ‘सर्वसाधारणपणे’ म्हणत तीच गोष्ट दुसऱ्या दारानं आणणारा. आता डॉ. नरेंद्र जाधवांची समिती. मला मनापासून बरं वाटलं. सहा वर्षांच्या पोराला आधी घरची भाषा धडपणे लिहू-वाचू द्यावी, हे सांगायला रस्त्यावर यावं लागलं याचं दुःखही वाटलं. माझं हिंदीशी वैर नाही. प्रेमचंद मी हिंदीतच वाचले, आठवीत.

म्हणून आज जवळच्या एका गावातल्या शाळेत गेले, पहिलीच्या मुलांना गोष्ट सांगायला. गोष्ट झाल्यावर मुलांनी विचारलं, ‘‘पुस्तक बघू?’’ मी दाखवलं. मग कोपऱ्यातलं कपाट दाखवून बाईंना विचारलं, ‘‘यातली देता का मुलांना?’’ कपाटाला कुलूप. काचेतून चित्रांची छान छान पुस्तकं दिसत होती, नवीकोरी, कण्याला सुरकुतीसुद्धा नाही. बाई तरुण, चांगल्या. कानकोंड्या होऊन म्हणाल्या, ‘‘ताई, फाटली तर भरून द्यावी लागतात. ऑडिटला मोजतात.’’

त्यांची चूक नाही. पण सांगावंसं वाटतं, मोठ्यानं सांगावंसं वाटतं: फाटू द्या. पहिलीतलं पुस्तक वर्षाअखेरीस शाबूत राहिलं तर त्याचा जाब विचारला पाहिजे. गेल्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले, मीही वाटले. ते कपाट तेव्हाही कुलपातच होतं.

गुरुवारी पुन्हा जाणार आहे. फाटलेल्याची भरपाई मी देईन असं लिहून देणार आहे.

६ जुलै, आषाढी

उपास. साबुदाण्याची खिचडी, रताळं. पंढरपूरला गेलेल्या शेजारीणबाईंचा फोन आला, रांगेतून. मागून टाळ ऐकू येत होते. त्या काय बोलल्या ते नीट कळलं नाही, पण रडत होत्या आणि सुखात होत्या.

१९ ऑगस्ट

गडचिरोलीतल्या एका शिक्षकाला पुस्तक पाठवायचं होतं. बुकपोस्ट बंद झाल्यापासून धसका घेतला होता. दीडशेचं पुस्तक पोचवायला ऐंशी-नव्वद रुपये कुणी द्यायचे? १ मेपासून टपालखात्यानं ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १००, वर कर. काउंटरवरच्या मुलीला हे नाव नवं होतं. तिनं पुस्तिका काढून वाचली, मग माझं पाकीट काट्यावर ठेवलं. २८५ ग्रॅम. तिलाही आनंद झाला, मलाही. सावकाश जाईल, जमिनीवरून. जाऊ दे.

आणि १ सप्टेंबरपासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन होणार. माझी पहिली कथा साभार परत आली ती रजिस्टरनं. दुसरी स्वीकारल्याचं मात्र साधं कार्ड आलं होतं, पंधरा पैशांचं. ते अजून आहे.

२४ सप्टेंबर

परवापासून नवे जीएसटी दर. शाळेच्या वह्यांवर, पेन्सिलींवर आता काहीच कर नाही. फार चांगलं झालं. पण पुस्तकं छापायच्या कागदावर १२चे १८ टक्के. पुस्तकावर कर नाही, त्यामुळे प्रकाशकाला कागदावर भरलेला कर कुठून वळताही करता येत नाही. तो किमतीतच जाणार. माझ्या प्रकाशकांचा फोन होता. हजाराच्या आवृत्तीचे आता पाचशेच काढू म्हणाले. त्यांचा आवाज इतका थकलेला मी कधी ऐकला नव्हता. कोरा कागद मुलांना लिहायला स्वस्त मिळाला, छापलेला कागद वाचायला महाग झाला. लिहिणं-वाचणं हे एकाच मुलाचे दोन हात आहेत हे कागदाचे दर ठरवणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं, आणि प्रकाशकांनी एकट्यानं ते सांगून भागणार नाही. वाचनालयांनी, शाळांनी मिळून सांगायला हवं. मी आमच्या कार्यकारिणीत ठराव मांडते.

दर बदलले त्याच दिवशी सोलापूर-धाराशिवच्या पुराची चित्रं. सीनेचं पाणी घराघरांत. एका मुलीनं दप्तर उपडं करून पत्र्यावर पुस्तकं वाळत घातली होती, पापडासारखी ओळीनं. आम्ही वाचनालयात वह्या गोळा करतोय. तिसऱ्या दिवशी सातशे झाल्या. मंडईतल्या त्याच मावशींनी दोन डझन आणून दिल्या, शंभरपानी, दुरेघी.

२ ऑक्टोबर, दसरा

पाटीपूजन. नातीनं पुण्याहून व्हिडिओवर पाटी दाखवली. खडूनं काढलेली सरस्वती, एक आकड्यांची, आणि खाली ‘३८ अडतीस’.

९ ऑक्टोबर

बाइंडर मामा आले. वर्षातून एकदा येतात, वाचनालयाच्या मागच्या पडवीत आठ-दहा दिवस बसतात. पंचाहत्तरी ओलांडलेली. मुलगा लग्नपत्रिका छापतो, हे काम त्याच्यानंतर नाही. जमिनीवर तरट, त्यावर शिवणीची चौकट, दाभण, मेण लावलेला दोरा, आणि स्टोव्हवर खळ. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. निळसर झाक येते तिला. तो वास आला की मला लहानपणीचं वाचनालय दिसतं.

‘यक्षांची देणगी’ त्यांनी मांडीवर घेतली, दोन्ही पुठ्ठे उघडून कणा पाहिला. ‘‘पोरांनी वाचलंया जनू.’’ मग एकेक फर्मा सुटा केला, फाटल्या घडीवर पातळ कागदाची पट्टी लावली, आणि जुजबंदी शिवायला घेतलं. प्रत्येक फर्म्याच्या पोटातून दोरा. ‘‘निसतं चिकटीवलं तर वरीसभर ऱ्हाईल. शिवलं तर तुमच्या नातीच्या पोरांनी वाचावं.’’ बोलत बोलत हात चालू. मी तासभर बघत बसले. दोरा ओढताना ते श्वास धरतात.

मग ‘ऋतुचक्र’ घेतलं. ज्येष्ठ उघडला. चष्मा वर केला.

‘‘ताई, ह्ये कडंला कुणी खरडलंय. कटिंग मारलं की समदं जाईल बगा. कड बी पिवळी पडलीया, स्वच्छ दिसंल.’’

माझ्या तोंडून ‘नको’ इतक्या जोरात निघालं की आतून ग्रंथपाल ताई आल्या. मी त्यांना दोघांना त्या तारखा वाचून दाखवल्या. मामांनी सगळं ऐकून घेतलं. बहात्तरच्या ‘आला, गेला’ला म्हणाले, ‘‘आमी खडी फोडायला हुतो. पाझर तलावाच्या कामावर. मी, म्हातारी आई, थोरला भाऊ.’’ जरा वेळानं, ‘‘सुकडी मिळायची.’’

कड मारली नाही. नुसतं शिवलं. तीन बाजू जुन्याच राहिल्या, वेड्यावाकड्या. पाठीला हिरवं कापड घातलं, स्वतःच निवडून.

२६ ऑक्टोबर

दिवाळी अंकांची योजना सुरू झाली. ठरावीक वर्गणी भरा आणि होळीपर्यंत सगळे अंक फिरवून वाचा. यंदा चौसष्ट जणांनी भरली, गेल्या वर्षी एकाहत्तर होते. १९०९ साली ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला, फराळाच्या ताटाशेजारी वाचायचं काहीतरी असावं ही कल्पना तेव्हापासून आपल्याकडे रुजली. इतक्या कथा, इतक्या कविता दर वर्षी एका पंधरवड्यात येतात आणि त्या लिहिणाऱ्या बहुतेकांना मानधन नावापुरतं मिळतं. तरी कुणी थांबत नाही. या चिकाटीबद्दल मला अपार आदर आहे. मी स्वतः यंदा दोन ठिकाणी लिहिलं, आणि दोन्ही अंक पहिल्यांदा वाचनालयाच्या टेबलावरच पाहिले, कुणीतरी आधीच वाचून गेल्यावर. एकाच्या पानात पोह्याच्या चिवड्यातला कढीपत्ता सापडला.

जाड अंक थोडेच, जाहिराती कमी. कागद पातळ झालाय.

१४ नोव्हेंबर

‘ऋतुचक्र’ परत आलं. नववीतली एक मुलगी घेऊन गेली होती. शाळेत ‘माझा आवडता ऋतू’ लिहायचं म्हणून. दुसरी कुणी असती तर दोन पानं वाचून ठेवून दिलं असतं. हिनं पूर्ण वाचलं. परत देताना टेबलाशी घुटमळली.

‘‘आजी, त्या तारखा कुणी लिहिल्यात?’’

माहीत नाही म्हटलं. मग आम्ही दोघींनी जुनी नोंदवही काढली. साठ ते सत्तरच्या सभासदांची पानं वाळवीनं नेलीत, मध्ये चाळणी झाली आहे. वेखंड घालून ठेवली होती तरी. एखाददुसरं आडनाव वाचता आलं, त्यावरून काहीच कळेना.

ती म्हणाली, ‘‘आमच्या आज्यानं पण लिहिलंय.’’

‘‘कुठे?’’

‘‘कणगीच्या खोलीच्या दारावर. आतल्या बाजूनं. गेरूनं. पाऊस कवा आला, भात कवा लावला, म्हस कवा व्याली. लई आहे, खालपासून वरपर्यंत. आज्या गेला तवा रंग द्यायचा होता दाराला, पर आजीनं देऊ दिला नाही.’’

तिचं गाव जोरच्या खोऱ्यात, धोमच्या धरणाच्या वरच्या अंगाला. तिकडे पाऊस आमच्या आधी पोचतो. एस.टी. सकाळची एक आहे.

‘‘बहात्तरचं काही लिहिलंय का गं?’’

‘‘बघितलं नाही. आजीला विचारते.’’

रविवारी जाणार आहे. ग्रंथपाल ताईही येते म्हणाल्या. वही घ्यायची, पेन्सिल, आणि आजींसाठी थोडा खजूर.